नाव निघेल त्यानं उठावं

बाईंच्या घरात महत्त्वाचं काही ठरवायचं असलं की खुर्च्या भिंतीला लागत आणि मधोमध सतरंजी अंथरली जाई. ही पद्धत संस्थेच्या पहिल्या गटापासूनची. खुर्च्या मांडल्या की कोण कुठे बसलं हे दिसतं, आणि मग माणसं बोलण्याआधी जागा बघतात, असं बाईंचं मत होतं. आता गुडघ्यांनी दगा दिल्यापासून खोलीतली एकुलती एक खुर्ची बाईंनाच लागे आणि बाकीचे खालून मान वर करून त्यांच्याकडे बघत. याबद्दल घरात कोणी काही बोलत नसे. थोरल्या सुनेला याचं हसू यायचं, पण ती दातांची डॉक्टर. लोकांची तोंडं उघडी असताना आपलं बंद ठेवायची तिला सवय होती.

आजचा विषय बाईंच्याच जागेचा होता. संस्थेचं अध्यक्षपद त्या सोडणार होत्या. न्हाणीघरात पाय घसरल्यापासून कार्यालयाचे जिने त्यांना चढवत नव्हते, आणि घरबसल्या राज्य करणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. संस्था सुरू झाली ती याच खोलीत. शेजारपाजारच्या बायका, कोणी शिवणकाम करणारी, कोणी भाजी विकणारी, गट करून, एकमेकींना जामीन राहून छोटी छोटी कर्जं घ्यायच्या आणि फेडायच्या. आता गावोगाव शाखा झाल्या होत्या. कर्ज घेणाऱ्या सगळ्या बायका, आणि शाखा चालवणारे झाडून सगळे पुरुष. हे कोणी ठरवून केलेलं नव्हतं, त्यामुळे ते कोणाच्या डोळ्यांवरही येत नव्हतं.

ते आलं परक्यांच्या. संस्थेला मोठं भांडवल द्यायला तयार झालेल्या एका निधीनं विचारलं होतं, की तुमच्याकडे निर्णय घेणाऱ्या जागांवर बायका किती? संस्थेचा रोजचा कारभार दादा, म्हणजे बाईंचे थोरले चिरंजीव, बघत. त्यांनी या प्रश्नाचा अर्थ ‘एक तरी हवी’ असा लावला. उत्तर त्यांना गुरुवारी रात्री जेवताना सापडलं. ते समोरच बसून जेवत होतं.

“तुझं नाव देतोय,” त्यांनी बायकोला सांगितलं आणि मीठ मागितलं.

थोरलीला त्याचं विशेष काही वाटलं नाही. संचालक मंडळावर तिचं नाव कितीतरी वर्षं होतंच. संस्थेचा शिपाई कागद घेऊन दवाखान्यात यायचा, ती एका हाताचा मोजा काढायची, सही करायची आणि नवा मोजा चढवून पुढचा पेशंट बोलवायची. कागदात काय आहे ते ती वाचत नाही हे तिला ठाऊक होतं, दादांना ठाऊक होतं आणि शिपायालाही ठाऊक होतं, कारण सहीच्या जागेवर तोच बोट ठेवायचा. आता कागद जरा जास्त येतील आणि वर्षातून चारदा चांगले कपडे घालून फोटोला उभं राहावं लागेल, एवढाच तिचा हिशेब होता. दवाखान्याचा वेळ मात्र सोडणार नाही, असं तिनं मीठ देता देता सांगून टाकलं होतं.

तिला टोचत होती ती ताई. ताई तिची नणंद, दादांच्या पाठची. संस्थेत येणाऱ्या नव्या पोरांना शिकवायचं काम वीस वर्षं तिच्याकडे होतं. गटात गेल्यावर कुठे बसायचं, काय विचारायचं, कधी गप्प राहायचं, हे सगळं ती शिकवायची. तिनं शिकवलेली पोरं पुढे शाखाप्रमुख झाली, त्यातली काही विभागप्रमुख झाली, आणि आता ताईला रजा हवी असली तर त्यांच्याचपैकी एकाची मंजुरी लागायची. ताई हे हसत सांगायची. पहिल्यांदा ऐकणाराही हसायचा. तिसऱ्यांदा ऐकणाऱ्याला हसू येत नसे.

ताई वर का गेली नाही याचं कारण एक नियम होता, आणि तो नियम बाईंनीच केलेला. शाखाप्रमुखानं शाखेच्या माडीवरच्या खोलीत राहायचं, एकट्यानं, किल्ल्या उशाशी घेऊन. संस्थेच्या पहिल्याच वर्षी कार्यालय फोडलं गेलं होतं, तेव्हापासून बाई स्वतः तिथे झोपायला लागल्या होत्या, आणि पुढे प्रत्येक शाखेत कोणी ना कोणी झोपत आलं. आता रोकड संध्याकाळच्या आत बँकेत जाते, आणि वर झोपणारा माणूस रात्रभर टेबलखुर्च्यांची राखण करतो. तरी नियम तो नियम. शाखा सांभाळल्याशिवाय वरची जागा नाही आणि माडीवर झोपल्याशिवाय शाखा नाही. गेल्याच महिन्यात ताईच्या हाताखाली तयार झालेली एक तरबेज तपासनीस बाई या नियमापायी राजीनामा देऊन गेली. घरी दोन मुलं, त्यातलं एक आजारी. ती दुसऱ्या संस्थेत रुजू झाली. तिच्या निरोपसमारंभात दादांनी छान भाषण केलं, महिलांच्या योगदानाबद्दल.

तर आज सतरंजीवर दादा होते, थोरली होती, ताई होती, धाकटा आणि त्याची बायको धाकटी. वर खुर्चीत बाई. स्वयंपाक तयार होता आणि ठरल्याशिवाय कोणी उठायचं नाही हा गटाचा नियम घरालाही लागू होता, त्यामुळे प्रत्येकाच्या बोलण्याला थोडी भुकेची धार होती.

दादा आधी बोलले. ते तयारी करूनच आले होते. काळ बदलतोय, स्त्रीशक्तीला पुढे आणायला हवं, निधीची माणसं पुढच्या महिन्यात येतील तेव्हा त्यांना एक सुशिक्षित, सुसंस्कृत, स्वतंत्र व्यवसाय असलेली स्त्री अध्यक्ष म्हणून दिसायला हवी, असं बरंच काही. थोरली आपलं वर्णन ऐकत होती. लग्नाला तीस वर्षं झाली, एवढी विशेषणं तिला पहिल्यांदाच मिळत होती.

धाकट्यानं मान डोलावली. तो बांधकामाच्या धंद्यात होता आणि संस्थेच्या सगळ्या शाखा त्यानंच बांधलेल्या. त्याची मान दादांच्या बाजूला जरा लवकरच डोलायची.

मग ताईनं बोलायची परवानगी मागितली. खुर्चीबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. तिनं एका गटाची हकिगत सांगितली. त्या गटातली एक बाई लागोपाठ तीन बैठकांना आली नाही. वसुलीला जाणाऱ्या मुलानं, चांगल्या मुलानं, तिच्या नावापुढे ‘टाळाटाळ’ असा शेरा मारला आणि तिचं पुढचं कर्ज थांबलं. गटातल्या बाकीच्या बायकांना त्यानं दहादा विचारलं, त्या जमिनीकडे बघत बसल्या. ताई गेली तेव्हा दोन मिनिटांत कळलं. तिचं पोट पडलं होतं. ती उठू शकत नव्हती, आणि हे एका परक्या तरुण मुलाला कोण सांगणार?

“त्याची चूक नाही,” ताई म्हणाली. “मीच शिकवलाय त्याला. पण काही गोष्टी शिकवून येत नाहीत दादा. तिथे बाईच जावी लागते. आणि ती कायम तिथेच राहावी असं नाही, तिला वर यायला वाट हवी. नाहीतर शहाणी बाई आपल्याकडे टिकणार नाही.”

दादा म्हणाले, की मुद्दा रास्त आहे आणि नवीन अध्यक्षांच्या नजरेस तो आणू. नवीन अध्यक्ष त्यांच्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांच्याकडे न बघताच ते बोलले.

खरी पाचर मारली ती धाकटीनं. ती एरवी अशा बैठकीत मूग गिळून बसायची. आज तिनं पदर सारखा केला आणि अगदी गोड आवाजात म्हटलं, “मी ताईंचं नाव सुचवते.”

धाकट्यानं तिच्याकडे असं पाहिलं, की घरी गेल्यावर बोलू. ताईवर धाकटीचं प्रेम उतू चाललं होतं अशातला भाग नव्हता. पण थोरल्या जावेच्या नावाची पाटी, तिच्या नावाची गाडी आणि वर्तमानपत्रात तिचा फोटो, हे पुढची दहा वर्षं बघत बसण्यापेक्षा नणंद परवडली, असा तिचा सरळ विचार होता. थोरलीला तो लख्ख दिसला, आणि गंमत म्हणजे तिला धाकटीचा राग आला नाही. कारण काही का असेना, खोलीतल्या एका माणसानं योग्य नाव घेतलं होतं.

“दोन नावं निघाली,” बाई म्हणाल्या. “उठा दोघी.”

ही आणखी एक जुनी पद्धत. गटात जिनं कर्ज मागितलं असेल तिनं उठून बाहेर जायचं, म्हणजे बाकीच्यांना तिच्याविषयी मोकळेपणी बोलता येतं. तोंडावर कोणी खरं बोलत नाही, असं बाई म्हणत. पद्धत चांगली होती. फक्त आज तिच्यामुळे असं झालं, की संस्थेत बायकांनी पुढे यावं की नाही हे ठरत असताना ज्या दोन बायकांविषयी ते ठरणार होतं त्या स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. पद्धत अंगवळणी पडली की असंच होतं.

स्वयंपाकघरात भात निवत होता. ताईनं सवयीनं झाकण उचलून बघितलं आणि परत ठेवलं. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये ताटं सरकवायची एक लाकडी खिडकी होती. ती धाकट्यानं केलेली, त्यामुळे नीट मिटत नसे. धाकट्यानं बांधलेलं काहीच नीट मिटत नसे.

“वहिनी, तुम्हाला हवंय का हे?” ताईनं विचारलं.

“मला माझा दवाखाना पुरतो,” थोरली म्हणाली. “मी आत जाऊन सरळ नाही सांगते. मग तूच उरतेस. सुंठीवाचून खोकला गेला.”

ताई ओट्याला टेकली. “नाही म्हणू नका.”

“का?”

“तुम्ही नाही म्हणालात तर ते मला देतील असं थोडंच आहे? पुढे ढकलतील. आणि मग जन्मभर सांगतील, बाईला विचारलं होतं, बाईलाच नको होतं. माझ्याबद्दल हेच सांगतात की.”

हे थोरलीनंही ऐकलं होतं आणि खरं मानलं होतं. ताईला मोठी शाखा देऊ केली होती आणि तिनं संसारापायी नाकारली, अशी घरातली हकिगत होती. ती सगळ्यांनाच सोयीची होती. कोणाचा दोष नाही आणि ताईही बिचारी घरंदाज ठरते.

“माझी मुलगी आठ महिन्यांची होती तेव्हा,” ताई सांगू लागली. “मी शाखा नको म्हटलं नव्हतं. माडी नको म्हटलं होतं. दिवसभर राबते, रात्री घरी जाते, असं म्हटलं होतं. आई म्हणाली, मी झोपले, तुला का जमू नये? त्यावर काय बोलणार? घरात तेवढंच राहिलं, ताईनं नको म्हटलं.”

“आणि आता? हवीय तुला खुर्ची?”

“हवीय,” ताई म्हणाली. “खोटं कशाला बोलू? वीस वर्षं हवीय. पहिल्या दिवशी तो माडीचा नियम काढायचा आणि त्या तपासनीस बाईच्या घरी जाऊन तिला परत आणायचं. रात्री झोप नाही आली की हेच ठरवत असते मी.”

“मग आत भांडत का नाहीस? चार वाक्यं बोललीस आणि गप्प झालीस.”

“दादाशी भांडू?” ताईनं भाताच्या भांड्यावरचं झाकण सारखं केलं. मग म्हणाली, “आई कार्यालयात झोपायला जायची तेव्हा मी सहा वर्षांची होते. सकाळी दादा माझ्या वेण्या घालायचा. त्याला यायच्या नाहीत नीट. एक वर, एक खाली. शाळेत मुली हसायच्या. मी घरी येऊन सांगायचे आणि तो दुसऱ्या दिवशी आणखी मन लावून घालायचा, तरी एक वर एक खालीच. वहिनी, तो समोर बसला की माझ्या तोंडून वाकडा शब्द निघत नाही. मला माहीत आहे त्यानं माझं काय केलं. पण निघत नाही.”

नवऱ्यानं घातलेल्या या वेण्यांची गोष्ट थोरलीला तीस वर्षांत कोणी सांगितली नव्हती. तिला त्या पोरसवदा माणसाबद्दल माया वाटली आणि ताईबद्दल फार वाईट वाटलं, आणि या दोन्ही गोष्टी एकदम वाटाव्यात याचा रागही आला.

तेवढ्यात खिडकीच्या फटीतून दादांचा आवाज आला. ते हळू बोलत होते, पण त्यांचा हळू आवाजही सभेचा होता.

“ताई आली की पहिल्या दिवशी माडीचा नियम काढेल. मग रखवालदार नेमा, भाड्याची घरं बघा. शिवाय तिचं ऐकून सगळ्या शाखांतून मागण्या सुरू होतील.”

धाकटा म्हणाला, की नव्या शाखांचे पाये भरलेत, सगळ्यांवर माड्या धरल्यात, आता नकाशे बदलायचे म्हणजे पंचाईत. धाकटी काहीतरी पुटपुटली, ते नीट ऐकू आलं नाही.

“आणि हिचं तसं नाही,” दादा पुढे म्हणाले. “ही काही विचारत नाही. कागद समोर ठेवला की सही करते. यात तिला रस नाही, तेच आपल्याला बरं. नाव तिचं राहील, काम आहे तसं चालेल.”

हे सांगताना त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. उलट थोडं कौतुक होतं. घरातल्या एखाद्या न कुरकुरणाऱ्या जुन्या पंख्याबद्दल माणूस बोलतो तसं ते बोलत होते. थोरलीचे कान तापले. आपण खरंच काही विचारत नाही हे तिला माहीत होतं. पण ते आपलं मोठेपण आहे, आपण त्यांच्या कामात नाक खुपसत नाही, अशी तिची आजवर समजूत होती. ते कोणाच्या सोयीचं आहे याचा विचार तिनं कधी केला नव्हता. शिपायाचं कागदावर टेकलेलं बोट तिला आठवलं आणि शरम वाटली. दादांची नव्हे, स्वतःची.

ताईनं तिच्याकडे पाहिलं नाही. हे ऐकल्याचं न दाखवणं हा तिचा सभ्यपणा होता.

मग बाईंचा आवाज आला. “ताईला शाखा दिली होती. तिनंच नको म्हटलं.”

ताई नळापाशी गेली आणि स्वच्छ असलेले हात धुऊ लागली.

थोड्या वेळानं धाकटीनं दारात येऊन दोघींना बोलावलं. तिचा चेहरा उतरला होता, त्यावरून कौल कळलाच. दोघी आपापल्या जागी बसल्या. बाई खुर्चीत पुढे सरकल्या. गटात कर्ज मंजूर झालं की जे दोन प्रश्न विचारायचे तेच त्यांनी विचारले. संस्थेच्या आयुष्यात ते हजारो बायकांना विचारले गेले असतील.

“थोरले, कौल तुझ्या बाजूनं आहे. घेतेस का? आणि तुझ्यामागे कोण उभं राहणार?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलंच होतं. दादांनी अर्धी मान हलवून ते देऊनही टाकलं. थोरलीनं नाही म्हणावं तर ती वाट ताईनं बुजवली होती, आणि हो म्हटलं तर ते पंख्याचं हो झालं असतं. तिला त्या क्षणी दवाखान्यातल्या मदतनीस बाईची तक्रार आठवली. तिला आणि तिच्या सासूला संस्थेनं एका गटात घेतलं नव्हतं. कितीही पायधरणी केली तरी घेतलं नव्हतं. ‘एका चुलीवर जेवणारी दोन माणसं एका गटात नकोत’, हे वाक्य प्रत्येक गट प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला एका सुरात म्हणतो, म्हणे. मदतनीस बाई ते चिडून चिडून नक्कल करून दाखवायची, आणि थोरली पेशंटच्या तोंडात आरसा धरून ऐकायची.

“घेते,” थोरली म्हणाली. “पण आई, एका चुलीवरचं एकच माणूस.”

पहिल्यांदा कोणाला काही कळलं नाही. मग धाकटीला कळलं. तिनं चटकन तोंडावर हात ठेवला.

“म्हणजे?” दादांनी विचारलं.

“म्हणजे मी अध्यक्ष आणि तुम्ही कारभारी, असं नाही चालायचं. आपली चूल एक आहे. संस्थेचाच नियम आहे.”

दादा हसले. हसण्यासारखंच होतं ते. तो नियम कर्जदारांसाठी आहे, त्यांनी समजावून सांगितलं, अगदी शांतपणे. एका घरातल्या दोघींनी कर्ज घेतलं तर घर बुडालं की दोघी बुडतात, आणि बुडायच्या आधी एक दुसरीचं झाकत राहते, म्हणून तो केला. संचालक मंडळाशी त्याचा काय संबंध? घरचीच तर संस्था आहे.

“झाकतच होते की मी,” थोरली म्हणाली. “न वाचता सही करणं म्हणजे दुसरं काय?”

दादांचं हसू तिथेच राहिलं, पण त्यात आता काही नव्हतं. त्यांनी एकदा स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं.

बाई बराच वेळ स्वतःच्या गुडघ्यांवर हात फिरवत राहिल्या. त्या कोणाची बाजू घेतील हे सांगता येत नव्हतं. दादांनी त्यांच्यासाठी खूप केलं होतं. त्यांच्या शब्दावर संस्था वाढवली होती, आणि ताईला जवळ ठेवून दूर ठेवण्यात त्या दोघांचा वाटा सारखाच होता. पण हा नियम त्यांचा होता, आणि तो त्यांनी केला तेव्हा कर्जदार आणि आपण असा भेद या खोलीत नव्हता. स्वतः केलेला नियम मोडणं बाईंना आयुष्यात कधी जमलं नाही. नको तो नियमही त्यांनी याच हट्टापायी पाळला होता.

“मग काय म्हणणं आहे तुझं?” त्यांनी शेवटी विचारलं.

“यांच्या जागी ताईचं नाव सुचवते. कारभार तिच्याकडे. ती वेगळ्या चुलीवर जेवते.”

धाकटा म्हणाला, हे फारच घाईचं होतंय, विचार करायला हवा, जेवून घेऊया का आधी? त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. ताई थोरलीकडे बघत होती. खुर्ची गेल्याचं दुःख तिच्या तोंडावर होतंच, ते एवढ्यात जाणार नव्हतं. त्याच्यावर आता भीतीही आली होती.

“नाव निघालं,” बाई म्हणाल्या.

ताई लगेच उठली. तिला सवय होती. स्वयंपाकघराच्या दारापाशी जाऊन ती थांबली आणि वळून भावाकडे बघू लागली. दादा बसूनच होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि या घरात क्वचितच ऐकू येणाऱ्या मऊ आवाजात म्हणाल्या, “जिच्याबद्दल बोलायचं ती एक, ज्याच्याबद्दल बोलायचं तो एक. ऊठ बाळा.”

दादा उठले. सतरंजीवरून उठताना त्यांना जमिनीला हात टेकावा लागला. ते ताईजवळून गेले तेव्हा ती किंचित बाजूला झाली, आणि मग त्यांच्यामागे आत गेली. आत भांड्याचा आवाज झाला. बहुधा दादांचा हात कशाला तरी लागला असावा, कारण ताई म्हणालेली ऐकू आली, “असू दे दादा, मी उचलते.”

हे शब्द खोलीत स्पष्ट ऐकू आले. सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

“बोल,” बाई म्हणाल्या.

थोरलीला कळत होतं, की आता जे बोलेन ते आत ऐकू जाणार. मघाशी आपल्याला ऐकू आलं तसंच. रात्री याच माणसाशेजारी बसून जेवायचं होतं, आणि उद्या, परवाही. तिला भीती वाटली. तरी तिनं आवाज बारीक केला नाही.

“यांनी संस्था मन लावून चालवली,” ती म्हणाली. “पै इकडची तिकडे केली नाही. आणि यांनी स्वतः एकाही बाईला अडवलं नाही, हेही खरं आहे. नियम अडवायचा, हे फक्त सही करायचे. मीही करत होते. आता आम्हा दोघांतल्या एकानं थांबायला हवं, आणि माझं म्हणणं आहे, की यांनी थांबावं.”

हे सगळं ती सावकाश बोलली, स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या माणसाला प्रत्येक शब्द नीट ऐकू जाईल असं.